माईकचं तोंड देवीकडे

महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत ज्याला म्हणून गळा आहे, आणि ज्याला नाही पण आहे असं वाटतं, तो प्रत्येक माणूस कधी ना कधी भरत सकपाळचा जिना चढलेला आहे. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त. स्टुडिओचं नाव ‘स्वर-सावित्री’. खाली भाताची गिरण, वर स्टुडिओ. त्या मोठ्या पुरानंतर महाडात तळमजल्यावर मोलाचं काही ठेवायचं नाही हे सगळ्यांनीच ठरवून टाकलंय, म्हणून गिरण खाली आणि कला वर. गिरण सुरू झाली की जिना थरथरतो, खिडकीच्या काचा वाजतात, आणि आतल्या दारावर पाटी लटकते : ‘कृपया शांतता राखा.’

पाटी भरतनेच लिहिलेली. शांततेचं त्याला काही कठीण नव्हतं, कारण भरत सकपाळ बहिरा होता.

ठार बहिरा नव्हे. डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोललं तर कळायचं. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून निम्मं कळायचं आणि उरलेलं तो आपल्या सोयीनं भरून काढायचा. तरुणपणी तो बिरवाडीत खोली घेऊन राहायचा आणि एका कंपनीत कॉम्प्रेसरवर काम करायचा. कानात घालायची बुचं कंपनी फुकट द्यायची. भरत ती खिशात ठेवायचा. बुचं घालतात ती नाजूक माणसं, असं त्याचं मत. पुढे नोकरी सोडून लग्नसराईत डीजेच्या गाडीवर गेला आणि भिंतीएवढ्या स्पीकरला पाठ टेकून वर्षानुवर्षं उभा राहिला. कान हळूहळू निघून गेले. त्याने कोणाला सांगितलं नाही. आणि मग ह्या गड्यानं काय करावं? आवाजाचंच दुकान टाकलं! आता बोला.

लपवण्याचा उपाय त्याने झकास शोधला होता. मोठ्ठे हेडफोन. सकाळी शटर उघडलं की डोक्यावर चढायचे ते संध्याकाळपर्यंत. कोणी हाक मारली आणि कळलं नाही, तर एका कानावरचं भांडं उचलून म्हणायचा, "काय म्हणालात? हेडफोन होते ना." माणसाला वाटायचं, केवढा हा कामात बुडालेला! हेडफोनचा आवाज तो इतका चढवून ठेवायचा की बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना आतलं गाणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. तरी त्याची खात्री होती, की आपलं गुपित कोणालाही ठाऊक नाही.

तर भरत ऐकत नव्हता, बघत होता. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या कडेला दोन उभ्या पट्ट्या असतात. आवाज आला की त्या खालून वर चढतात. खाली हिरव्या, मग पिवळ्या, आणि अगदी माथ्याला तांबड्या. हिरवं संपून पिवळं लागतं तिथे पट्टी नाचत राहिली की काम झालं. तांबड्याला टेकली की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज कोणाच्या बापाला शिवता येत नाही. ह्या पट्ट्या भरतला तोंडपाठ होत्या. कोण खोकलं, कोणी कागद उलटला, ‘प’ म्हणताना कोणी माईकवर फुंकर मारली, गाता गाता मान वळवून ढोलकीवाल्याकडे कोण डोळे वटारतंय, हे तो नुसत्या पट्टीवरून सांगायचा. कोण घोट मारून आलंय, हेसुद्धा. खरं कसब होतं ते, त्याला नाव ठेवायला जागा नाही. फक्त एक गोष्ट त्या पट्टीवर दिसत नाही. सूर. सुरेल माणसाची पट्टी हिरवी आणि बेसूर माणसाचीही हिरवीच.

इथेच त्याचं नशीब फळफळलं. मुंबईच्या स्टुडिओत गेलेली आपली माणसं पडेल चेहऱ्यानं परत यायची. तिथला पोरगेला साहेब म्हणे काचेमागून सारखा हात वर करतो, "सर, पुन्हा एकदा." इथे भरत पहिल्याच फेरीला अंगठा वर करायचा. "बुवा, एकदम हिरवंगार!" गाणारा छाती फुगवून जिना उतरायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे पुढारी, स्वतःच्या कविता स्वतःच वाचणाऱ्या अनुपमा मॅडम, गणपतीत नाचणारी जाखडीची मंडळं, सगळ्यांना एकच निकाल. ह्या माणसाच्या दारात कोणी नापास झालंच नाही.

त्यातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुडीलचे महिपतीबुवा. जाखडीच्या मंडळाचे म्होरके, गाणी स्वतः रचणार, स्वतःच गाणार. वरचे दोन दात गेल्यापासून त्यांचा सूर कुठल्या कुठे घसरला होता, पण जोर वाढला होता. नदीच्या ह्या काठावरून गायले तर पलीकडची म्हैस मान वर करायची. बुवांनी पहिल्यांदा पट्ट्यांशेजारचे आकडे वाचले तेव्हा ते भडकलेच.

"हे काय रे? माझा आवाज उणा सहा?"

"बुवा, हितं शून्य म्हंजे डोंगराचा माथा. त्याच्या पुढं कडा. कितीबी मोठा गवय्या असला तरी माथ्याच्या खालीच ऱ्हायचा."

"आणि तो बिरवाडीचा सोमा कितीवर गातो?"

"उणा दहा."

"मग ठीक हाय," बुवा म्हणाले, आणि चहा मागवला.

झालं! तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत गाण्याची बोली ह्या आकड्यांत सुरू झाली. कोण उणा आठवर गातो, कोण उणा बारावर, कोणाला बारा पण जमत नाही आणि तरी टोपी तिरकी घालून फिरतो. बायकोच्या माहेरी जावयाची ओळख करून देताना, "आमचा जावई उणा सातवर भजन म्हणतो," असं सांगणारे सासरेही झाले. वेडेपणाला काही माप असतं का?

आता माईकची गोष्ट ऐका. मुंबईच्या दुकानात भरतने तो जाडजूड माईक घेतला तेव्हा दुकानदार हिंदीत बरंच काही सांगत होता, बोट दाखवून दाखवून. भरतने बहिऱ्या माणसाची सनातन युक्ती केली. मान डोलावली. दुकानदार सांगत होता की भाऊ, ह्या माईकला पुढची बाजू असते आणि मागची असते. जिथे हा सोनेरी ठिपका आहे तिथे तोंड करून गायचं, मागून आलेला आवाज हा घेत नाही. भरतला ठिपका दिसला, सांगणं काही कळलं नाही. डीजेच्या गाडीवरचे माईक टोकाकडून आवाज घ्यायचे, त्यांना पुढचं-मागचं कुठलं आलंय?

पहिल्याच दसऱ्याला त्याने हत्यारांची पूजा केली. संगणकाला हळदकुंकू, ढोलकीला हळदकुंकू, आणि माईकला कुंकू कुठे लावायचं? ठिपका होताच, जणू त्याच्यासाठीच ठेवलेला. तिथे बोट टेकवलं, झेंडूची माळ घातली. कुंकू लागलं म्हणजे ते तोंड झालं, आणि तोंड देवीकडे पाहिजे. भिंतीवर काळकाईचा फोटो होता. भरतने माईक फिरवून भिंतीकडे केला, नमस्कार केला, आणि तो तसाच राहिला. कोणाची हिंमत होती देवीकडे त्याची पाठ करायची? त्या दिवसापासून दोन्ही तालुक्यांतले समस्त कलावंत माईकच्या पाठीत गात होते.

दुसऱ्या दिवशी पहिले आले ते महिपतीबुवा. बुवांनी नरडं ताणलं, पट्टी कशीबशी अर्ध्यावर आली. भरतने बटण फिरवत फिरवत ती पिवळ्याला भिडवली आणि बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. झालं माप पक्कं! पुढे जो येईल त्याने बुवांइतकं ओरडायचं, तेव्हा कुठे पट्टी पिवळ्याला पोचायची. साधं गाणाऱ्याला भरत काचेतून हात वर वर हलवून खुणावायचा, अजून, अजून. माणसं ओरडायला शिकली. अनुपमा मॅडम पावसावरची हळवी कविता अशी वाचायच्या, की खाली गिरणवाला घाबरून पट्टा थांबवायचा.

ह्या सगळ्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते भरतच्या स्वतःच्या घरात.

त्याची बायको श्रुतिका. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली वाडी. गौरीच्या दिवसांत खळ्यात बायका हातात हात घालून फेर धरतात, तेव्हा लग्नाआधी ह्या पोरीला आजूबाजूच्या वाड्यांतून बोलावणी यायची. बारीक, खालच्या पट्टीतला आवाज. ओरडून नव्हे, शेजारणीला काही सांगावं तसं गायची, आणि बाकीच्या बायका आपोआप गप्प होऊन नुसत्या पावलं टाकायच्या. भरतने तिला पसंत केली ती त्या फेरात गाताना बघून. बघून, लक्षात घ्या. तेव्हाच त्याचे कान निम्मे गेले होते.

स्टुडिओ नवा असताना एक दिवस ती डबा घेऊन आली. महिपतीबुवा आणि त्यांचा कोरस बाकावर बसलेला. भरतला लहर आली. "उभी ऱ्हा गो माईकसमोर, एक गौरीचं म्हण." ती लाजली, पदर सारखा केला, आणि मनापासून गायली. भरतची नजर पट्टीवर. पट्टी बुडाशी जरा हलली आणि तिथेच बसली. तो हात वर वर हलवत राहिला. तिने डोळे मिटले होते, तिला खूण दिसलीच नाही. गाणं संपल्यावर भरत हेडफोन काढून काचेबाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लेवलच येत नाय गो तुझी. ह्याला दम लागतो. तू आपली डबा आणायचं बघ." बाकावरचे हसले. बुवा सगळ्यांत मोठ्यानं हसले. वास्तविक ती गात असताना हीच माणसं कान देऊन ऐकत होती आणि मघाशी एकजण डोळे पुसत होता. पण साहेबाने टिंगल केली की हसायचं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

श्रुतिकाने डबा ठेवला, रिकामा डबा उचलला, आणि घरी गेली. ती चिडली नाही की रडली नाही, म्हणून भरतला वाटलं की काही झालंच नाही. पुढे दर गौरीला ती फेरात उभी राहायची, तिचे ओठ हलताना भरतला दिसायचे, तो कौतुकाने मान डोलवायचा. गाते बिचारी, लेवल नसली म्हणून काय झालं?

असं बरीच वर्षं चाललं. मग यंदाच्या श्रावणात गोंधळ झाला.

बुवांच्या मंडळाचं नवं गाणं होतं. पैसा मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, आणि तिथला अध्यक्ष राजेश, हे गाणं दहीहंडीला गावात वाजवायचं म्हणून हटून बसलेला. रेकॉर्डिंग सुरू झालं. मधेच कोरसमधला पांडू चुकीच्या जागी ओळ उचलून बसला. बुवांनी गाणं तोडलं आणि पांडूला झोडायला सुरुवात केली. त्याची अक्कल काढली, त्याच्या बैलाची काढली, मग घसरले राजेशवर. "आणि त्या मुंबईवाल्याला काय कळतं रे गाण्यातलं? दहा बाय दहात ऱ्हातो, हितं येऊन अध्यक्ष होतो, मेला ढोलकी आणि डबा ह्यांतला फरक सांगता यायचा नाय त्याला!" ढोलकीवाला सवयीने ठेका देतच राहिला. बुवांच्या रागाला लयही चांगली होती. काचेमागे पट्टी हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर अशी नाचत होती, की भरतला भरून आलं. त्याने दोन्ही अंगठे वर केले. मग बुवांनी घाम पुसला आणि गाणं पुढे सुरू केलं. नको ते भरत कापेल, अशी त्यांची समजूत. एवढं सुंदर कडवं भरत कशाला कापतोय?

दहीहंडीच्या दिवशी तुडीलला खांबाखांबांवर स्पीकर, मधे राजेश, गळ्यात हार, कपाळाला गुलाल. गाणं लागलं. दुसऱ्या कडव्यानंतर पांडूचा बैल आला. लोक हसले. मग दहा बाय दहा आलं. राजेशचा हात हारावरच थांबला. ‘मेला ढोलकी आणि डबा’ सगळ्या गावावरून घुमत नदीपार गेलं, आणि ठेका मात्र असा चोख की थरावरची पोरं त्यावर डोलत होती.

दुसऱ्या दिवशी बुवा आणि राजेश दोघेही, आदल्या दिवशी एकमेकांच्या नरड्याला लागलेले, आता एकत्र होऊन गिरणीसमोर उभे राहिले आणि भरतच्या नावाने शंख करू लागले. भरत खिडकीत आला, हेडफोन डोक्यावर. दोघांचे हात हवेत, तोंडं उघडी. त्याला वाटलं गाणं गाजलं. त्याने वरून अंगठा दाखवला.

तेव्हा श्रुतिका जिना चढून वर आली, तिने त्याच्या डोक्यावरचे हेडफोन स्वतःच्या हाताने काढले आणि डाव्या कानाशी म्हणाली, "चला आता. कान दाखवून येऊ."

"कोणाचे?" भरत म्हणाला.

"माझे," ती म्हणाली. "चला."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आलेख काढला, आणि काही दिवसांनी कानामागे बसणारं चिमुकलं यंत्र दिलं. भरत बाहेर आला आणि जागीच थबकला. रिक्षा वाजत होत्या, कोणाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी कुरकुरत होती, स्वतःच्या चपलासुद्धा बोलत होत्या. स्टुडिओत आला तर म्हणाला, "हे कोण सारखं घरघरतंय?"

"गिरण," श्रुतिका म्हणाली. "पयल्यापासून हाय."

मग तो आपलं आजवरचं काम ऐकायला बसला. अरे देवा! माणसं हंड्यात डोकं घालून ओरडत असावीत, मागे गिरण दळत असावी, आणि सूर तर एकाचाही एकाला ओळखत नव्हता. हे आपण केलं? ह्याला आपण हिरवंगार म्हणालो? उठून तो देवीच्या फोटोपाशी गेला, हात जोडले, आणि जोडता जोडता खोकला आला. नजर सवयीने पडद्यावर गेली. साध्या खोकल्याने पट्टी खाडकन तांबड्याला जाऊन चिकटली होती.

तो परत खोकला. परत तांबडी. मग गायच्या जागेवर येऊन खोकला. पट्टी बुडाशी. चारपाच वेळा तो असा माईकभोवती खोकत फिरला, आणि मग मटकन खुर्चीत बसला. दुकानदाराचं बोट, सोनेरी ठिपका, सगळं आत्ता कुठे त्याच्यापर्यंत पोचलं. त्याने देवीची माफी मागितली आणि माईक फिरवला.

बुवा राग गिळून गाणं पुन्हा करायला आले. भरत जाऊन येऊन तोच भरत, पण कानात यंत्र आणि डोक्यात नवा प्रामाणिकपणा. बुवांनी पहिली ओळ टाकली, पट्टी तांबडी झाली, आवाज फाटला. भरतने थांबवलं.

"बुवा, जरा हळू. आणि... सूर लागत नाय."

खोलीत असं काही पूर्वी बोललं गेलं नव्हतं. ढोलकीवाल्याने हात ढोलकीवरून उचलून मांडीवर ठेवले.

"काय लागत नाय?" बुवा म्हणाले.

"सूर. खाली घसरतोय. दात गेल्यात म्हणून असंल."

"दात काढतोस माझे?" बुवा उठले. "आणि देवीकडं पाठ फिरवलीस माईकची? अरे, तू बहिरा होतास तेवढा शाणा होतास! काय वाटलं, आमास्नी ठाऊक नव्हतं? साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं! म्हणून तर येत होतो!"

म्हणजे इतकी वर्षं हेडफोन घालून भरतने जे झाकलं, ते झाकायची गरजच नव्हती. उलट तीच त्याची पाटी होती. बहिऱ्याकडे जा, तो नाव ठेवत नाही. त्याच्या कसबाची कीर्ती म्हणून जी तो मिरवत होता, ती ही.

बाक रिकामा पडला. अनुपमा मॅडमना त्याने, "जरा हळू वाचता का?" एवढंच विचारलं, तर त्या वही मिटून गेल्या. सोमा बिरवाडीहून निघालाच नाही. गणपती तोंडावर, एरवी जिन्यावर रांग लागायची, आणि भरत एकटा बसून जुनं जुनं ऐकत होता. असंच यादीत खाली खाली जाताना ‘टेस्ट’ असं नाव टाकलेलं एक गाणं सापडलं. लावलं. नुसती गिरण. पट्टी बुडाशी. तो पुढे जाणार, इतक्यात त्या घरघरीच्या पलीकडे कोणीतरी असल्यासारखं वाटलं. त्याने आवाज वाढवला, अजून वाढवला, घरघर जमेल तेवढी कापली.

श्रुतिका होती. गौर माहेराला निघते आणि वाटेत कोण कोण भेटतं, ते ती सांगत होती. माईकच्या पाठीमागून, बुवांच्या मापाच्या बटणातून, गिरणीखालून तो आवाज आला होता आणि तरी एकही सूर हललेला नव्हता. भरत सकपाळने आयुष्यात प्रथमच आपल्या बायकोचं गाणं ऐकलं. शेवटी गाणं थांबलं आणि त्याचा स्वतःचाच आवाज आला, मोठा, स्पष्ट, माईकला पुढची बाजू असो की मागची, "लेवलच येत नाय गो तुझी." मग हसणं. त्याने ते बंद केलं.

घरी गेला, हातपाय धुतले, जेवला. कुठल्या तोंडाने बोलणार? त्याने मनाशी ठरवलं, गौरी येताहेत. ती फेरात गाईलच, दर वर्षी गाते. तेव्हा समोर उभं राहून ऐकायचं, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच. हे एकदा झालं की मन हलकं होईल. एवढ्यासाठी आता तो दिवस मोजत होता.

दरम्यान पोटही होतं. महिपतीबुवांनी निरोप पाठवला : यंत्र काढून ठेवणार असलास तर येतो. भरतने जरा विचार केला. फार नाही केला. बुवा आले तेव्हा त्याने यंत्र त्यांच्या देखत खणात ठेवलं, माईक पुन्हा देवीकडे वळवला, हेडफोन चढवले. बुवांनी गिरण हादरेल असं गाणं म्हटलं. "एकदम हिरवंगार!" भरत ओरडला. दोघांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रांग. अनुपमा मॅडम पेढे घेऊन आल्या. खोटं म्हणावं तर पट्टी खरोखरच हिरवी होती.

गौरीच्या दिवशी मंडळी श्रुतिकाच्या माहेरच्या वाडीला गेली. तेरड्याच्या गौरी बसल्या, जेवणं झाली, आणि उन्हं कलल्यावर खळ्यात बायकांनी फेर धरला. म्हातारी सोनाबाई गाणं सांगणार, बाकीच्या झेलणार. बाप्ये ओट्यावर पान लावत बसले. बुवाही तुडीलहून पाहुणे म्हणून आलेले. भरतने सकाळीच यंत्रात नवी बॅटरी घातली होती. तो ओट्यावरून उतरून फेराच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला.

नेमकं तेच गाणं निघालं. गौर माहेराला निघाली. भरतला सगळं ऐकू येत होतं. बांगड्या, पैंजण, चिखलात पडणारी पावलं, सोनाबाईची धाप, मागे पडलेली एक सूनबाई चुकीचा शब्द घेत होती तेही. फेर फिरत फिरत श्रुतिका समोर आली. ओठ हलत होते. शब्द बरोबर, पावलं बरोबर, मान जराशी तिरकी, लग्नाआधी बघितली होती तशीच. पण त्या ओठांतून काही येत नव्हतं.

त्याला वाटलं यंत्र बिघडलं. त्याने बोटाने टिचकी मारली. टिचकी ऐकू आली. फेर फिरून आला, तो आणखी जवळ सरकला, इतका की बायका कुजबुजल्या, आणि ते कुजबुजणंही त्याने ऐकलं. श्रुतिका हातभर अंतरावरून गेली. ओठ हलत होते. नुसतेच हलत होते.

मग त्याला समजलं, की हे आजचं नाही. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, दर गौरीला हेच चाललं होतं, आणि तो समोर उभा राहून मान डोलवत होता.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्याच्याच्यानं राहवेना. "गो, गात नायस तू?"

"गाते की," श्रुतिका म्हणाली. पाऊल चुकवलं नाही.

"ऐकू येत नाय मला. आता येतं ना सगळं, तरी तुझंच येत नाय."

"लेवल येत नाय ना माझी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि फेराबरोबर पुढे निघून गेली.

भरतने यंत्राचं बारीक चाक शेवटपर्यंत फिरवलं. ते कानात शीळ घालू लागलं, तशा दोनचार बायका वळून बघायला लागल्या, ओट्यावरून बुवा हसले. फेर परत फिरून आला. सोनाबाईने पुढचं कडवं उचललं, बाकीच्यांनी झेललं, आणि श्रुतिकाचे ओठ हलत होते.